हेडफोनची पारख : कानाला गोड आणि कामाला खरा

उत्तम हेडफोन कोणता, ही चौकशी पूर्वी नभोवाणी केंद्रातील आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींपुरतीच होती. आता रात्री निवांतपणे मैफलीचे मुद्रण ऐकणारे गृहस्थ ती करतात, आणि घरच्याच खोलीत संगणकावर गाणी तयार करणारी तरुण मुलेही करतात. दोघांनाही दुकानात बहुधा एकच उत्तर मिळते : ‘हा घ्या, सर्वांत भारी आहे.’ या उत्तरात दोन गफलती आहेत. ऐकणाऱ्याची गरज आणि ध्वनींचे मिश्रण करणाऱ्याची गरज एक नाही, ही पहिली. आणि किंमत हे आवाजाचे माप नव्हे, ही दुसरी. हौसेपायी चार पैसे वाया गेले तर ते पुन्हा मिळवता येतात. पण चुकीच्या भरवशावर बिघडवलेले गाणे हजारो घरी जाते, आणि बिघडलेला कान तर परत मिळतच नाही. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम कानापासून सुरुवात करावी लागेल. समोर कोणी गात असेल तर तो ध्वनी आपले खांदे, डोके आणि कानाची पाळी यांवर आपटून आत शिरतो. शिवाय कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब व एका टोकाला पडद्याने बंद असते. अशी नळी स्वतःच घुमते, आणि सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपासचे स्वर मोठे करते. हेडफोन लावला की खांदे आणि खोली यांना ध्वनीच्या वाटेतून रजा मिळते, व कानाचे काम बदलते. तेव्हा आवाज नैसर्गिक वाटावा यासाठी हेडफोनने हा उठाव योग्य प्रमाणात स्वतः घडवावा लागतो. सर्व स्वर सारख्याच जोराने वाजवणारा हेडफोन कानाला उलट बोदा वाटेल. हा उठाव किती असावा, येथेच कारखानदारांचे मतभेद सुरू होतात आणि येथेच एका हेडफोनचा आवाज दुसऱ्याहून निराळा होतो.

मग हा सगळा आवडीनिवडीचाच मामला आहे काय? तसे नाही. अमेरिकेतील हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर या प्रश्नाचा पद्धतशीर पाठपुरावा केला. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा ज्याचा आवाज लागतो, तो हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांना आढळले. कोणाला खर्ज थोडा जास्त हवा असतो, कोणाला थोडा कमी. पण मुळातली पसंती लोक समजतात तितकी विखुरलेली नाही.

आता ऐकणे आणि मिश्रण करणे यांतील फरक पाहू. ऐकणाऱ्याच्या हेडफोनने खर्ज जरा वाढवून दिला तर बिघडत काहीच नाही. त्याचा आनंद त्याच्यापाशी राहतो. मिश्रण करणाऱ्याचे तसे नाही. त्याचा हेडफोन हा त्याचा तराजू आहे, आणि तराजूतली खोट मालात उलटी उतरते. हेडफोन खर्ज वाढवून दाखवीत असेल, तर तो मनुष्य ‘खर्ज फार झाला’ असे समजून कमी करील, आणि इतरांच्या घरी ते गाणे पोकळ वाजेल. हेडफोन खर्ज लपवीत असेल, तर तो वाढवून ठेवील, आणि मोठ्या स्पीकरवर ढोलाच्या दणक्यात गाणाऱ्याचे शब्द बुडून जातील.

प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ पासूनचा. त्याच्या मधल्या पट्टीचा, म्हणजे कंठसंगीत जेथे वसते त्या भागाचा, समतोल इतका सरळ आहे की आजही तुलनेला तो पुढे ठेवला जातो. पण अगदी खालच्या खर्जात त्याचा आवाज उतरत जातो. मिश्रण करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे. त्याचाच भाऊ एचडी ६५० हा २००३ मध्ये आला. तो जरा भरदार आणि वरच्या स्वरांत जरा मवाळ आहे. दीर्घकाळ ऐकणाऱ्यांना तो म्हणूनच प्रिय झाला. २००९ मध्ये एचडी ८०० आला. त्यात वाद्ये जणू डोक्याबाहेर, ऐसपैस जागेत मांडल्यासारखी वाटतात. परंतु सेकंदाला ६००० कंपनांच्या आसपास त्यात एक उंचवटा आहे. गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ याच प्रदेशात राहतात. ते धारदार होतात, आणि त्यांची धार कमी करावी असा मोह मिश्रण करणाऱ्याला होतो. पुढे २०१६ च्या एचडी ८०० एस मध्ये हा उंचवटा बराच आवरण्यात आला. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून वावरणारा हेडफोन. वरचे तिघे पाठीमागून उघडे, तर हा बंद. त्याचा आवाज बाहेर फारसा सांडत नाही, म्हणून मायक्रोफोनपुढे गाणाऱ्याच्या कानावर तो शोभतो. त्याचे वरचे स्वर मात्र ठळक आहेत. दोष शोधायला ते उपयोगी पडते, रात्रभर ऐकायला नव्हे. किंमत पाहाल तर तो एचडी ८०० च्या कित्येक पटींनी स्वस्त.

किंमत आणि आवाज यांचा संबंध तपासूनही पाहण्यात आला आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांची त्यांच्या किमतींशी तुलना केली. स्वरांचा समतोल आणि किंमत यांत त्यांना संबंध सापडला नाही. जास्त पैशांत हलके वजन, मऊ गादी, दुरुस्तीची सोय, टिकाऊपणा मिळू शकतो, आणि या गोष्टीही मोलाच्या आहेत. पण समतोल मिळेलच असे नाही. तो कानांनीच तपासावा लागतो.

कानांनी तपासताना मात्र एक सावधगिरी हवी. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान झाला म्हणजे खालचे स्वर आपल्या कानाला अधिक क्षीण वाटतात. याचाच अर्थ, जो हेडफोन जरा मोठ्याने वाजतो तो अधिक भरीव भासतो. एचडी ६०० चा विद्युत्‌-रोध ३०० ओहम, तर सोनीचा ६३. एकाच फोनला आळीपाळीने जोडले तर सोनी मोठा वाजणार आणि बिचारा दुसरा विनाकारण हरणार! म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. ओळखीचे मुद्रण घ्यावे : तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याचा घुमारा आणि एक मोकळा गळा त्यात असावा. निकाल एका बैठकीत न देता चार दिवसांनी द्यावा. वरचे स्वर चढे असले की पहिल्या दिवशी ‘वा!’ म्हणावेसे वाटते, आणि चौथ्या दिवशी कपाळ दुखते.

एवढे करूनही एक उणीव राहतेच. स्पीकरपुढे बसले असता डाव्या स्पीकरचा ध्वनी उजव्या कानालाही किंचित उशिराने पोचतो. हेडफोनमध्ये तो पोचत नाही. त्यामुळे वाद्यांची डावी-उजवी मांडणी व घुमाऱ्याचे प्रमाण यांचा अंदाज चुकतो. बेंजामिन बॉअर यांनी १९६१ मध्येच या अडचणीवर उपाय सुचवला : एका बाजूचा थोडा ध्वनी विलंबाने दुसऱ्या बाजूस द्यावा. तसे उपाय आज सहज मिळतात. तरीही केवळ हेडफोनवर केलेले मिश्रण स्पीकरवर एकदा वाजवून पाहिल्याशिवाय हातावेगळे करू नये.

शेवटी कानाची काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबल वाढले की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे ५ तासच उरतात. हेडफोनवर आवाज नकळत चढत जातो, कारण शेजारी तक्रार करायला येत नाही.

तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी आपण आनंदासाठी घेतो आहोत की कामासाठी, हे स्वतःशी ठरवावे. आनंदासाठी घेणाऱ्याने स्वतःच्या कानाला, मानेला आणि खिशाला जो मानवेल तो खुशाल घ्यावा. कामासाठी घेणाऱ्याने मात्र त्याची खोट कोठे आहे हे आधी जाणून घ्यावे, आणि मग वर्षानुवर्षे तोच वापरावा. निर्दोष हेडफोन कोणालाच मिळालेला नाही. ज्याचा दोष आपल्याला पाठ आहे, त्याच्यावर मात्र चोख काम होते.