जुनी थ्री-स्पीड सायकल दुरुस्त करताय? ‘सेम साइज’चा पार्ट का बसत नाही, समजून घ्या

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा गिअर बहुतेक वेळा वाचतो. काम अडतं ते साध्या नटावर, कपवर आणि टायरवर. चुकीचा पार्ट जोर लावून बसवला, तर फ्रेम कायमची खराब होऊ शकते.

पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गावच्या घराच्या पडवीत आजोबांची सायकल धूळ खात उभी असते. मागच्या चाकाचा हब नेहमीपेक्षा जाड असतो. उजव्या बाजूच्या नटातून एक बारीक साखळी बाहेर आलेली असते आणि हँडलवर छोटा खटका असतो. ही थ्री-स्पीड सायकल. पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून ती दुकानात नेली की पहिला प्रश्न येतो, ‘गिअर गेला असेल ना?’

प्रत्यक्षात गिअर क्वचितच ‘गेलेला’ असतो. खरी पंचाईत होते ती साध्या दिसणाऱ्या पार्टची. दुकानदार ‘सेम साइज आहे’ म्हणून २६ इंची टायर देतो, तो रिमवर चढत नाही. हेडसेटचा नवा नट दोन-तीन फेरे फिरतो आणि अडकतो. असं का होतं?

थ्री-स्पीड हब म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात रॅले ही सायकल कंपनी होती. तिचे मालक फ्रँक बॉडन यांनी १९०२ मध्ये हबमध्ये बसणाऱ्या तीन गिअरसाठी वेगळी कंपनी काढली. हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांच्या नावांवरून तिचं नाव पडलं स्टर्मी-आर्चर. या गिअरमागचं बरंचसं डोकं मात्र विल्यम रायली यांचं होतं.

१९३६ मध्ये कंपनीने ‘एडब्ल्यू’ हे मॉडेल आणलं. जुन्या इंग्लिश थ्री-स्पीड सायकलींमध्ये बहुतेक वेळा सापडतो तो हाच हब. त्याच्या आत मधोमध २० दात्यांचं चाक असतं. त्याभोवती २० दात्यांची छोटी चाकं फिरतात आणि बाहेर ६० दात्यांची रिंग असते. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. म्हणून वरच्या गिअरमध्ये चाक मधल्यापेक्षा एक तृतीयांश जास्त फिरतं आणि खालच्या गिअरमध्ये एक चतुर्थांश कमी. मधल्या गिअरमध्ये सगळं थेट फिरतं.

या रचनेत पुढची अनेक दशकं फारसा बदल झाला नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या हबला १९७० च्या दशकातल्या हबचे बहुतेक आतले पार्ट चालतात. म्हणूनच हा गिअर वाचतो.

सायकल किती जुनी, हे कसं ओळखायचं?

हबच्या कवचावर ‘एडब्ल्यू’ या इंग्रजी अक्षरांजवळ बहुतेक वेळा आकडे ठोकलेले असतात. समजा ६२ आणि ३ असे आकडे आहेत, तर हब मार्च १९६२ चा. फक्त एवढं लक्षात ठेवा की ही तारीख हबची आहे. मधल्या काळात मागचं चाक बदललं असेल, तर सायकल त्याहून जुनी किंवा नवी असू शकते.

गिअर जाम झालाय, मग काय करायचं?

लगेच हब खोलू नका. बऱ्याचदा आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. हबच्या कवचावर तेल सोडायला छोटं झाकण असतं. त्यातून पातळ मशीन ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि चाक दोन्ही दिशांना फिरवत राहा. स्वयंपाकाचं तेल चालत नाही, ते पुन्हा चिकटतं. घट्ट ग्रीसही आत भरू नका. आतल्या बारीक स्प्रिंगवर चालणाऱ्या खिट्ट्या त्यात अडकून बसतात.

खोलावंच लागलं तर उजव्या बाजूची मोठी रिंग काढण्याआधी तिच्यावर आणि कवचावर समोरासमोर खूण करा. बसवताना ती त्याच जागी आली नाही, तर चाक मध्यापासून सरकू शकतं. उजवा कोन हाताने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा. चाकाची ढिलाई काढायची ती फक्त डाव्या कोनने.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

जुन्या एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक ‘रिकामी’ जागा असते. केबल नीट जुळवलेली नसेल तर गिअर तिथे अडकतो आणि पॅडल एकदम मोकळं फिरतं. स्वार चढावर उभा राहून पॅडल मारत असेल तर तो थेट हँडलवर आपटू शकतो.

त्यामुळे पहिली फेरी मारण्याआधी ही तपासणी कराच. खटका मधल्या गिअरवर ठेवा. उजव्या नटाच्या बाजूला असलेल्या छोट्या खिडकीतून पाहा. साखळीला जोडलेल्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाच्या बरोबर सपाटीत दिसलं पाहिजे. तसं नसेल तर साखळीजवळचा अॅडजस्टर फिरवून ते जुळवा. या कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

नवा नट का बसत नाही?

इथे खरी मेख आहे. सायकलच्या बॉटम ब्रॅकेटला आणि हेडसेटला जगभर रूढ झालेल्या मापात एका इंचात २४ आटे असतात. रॅले मात्र बहुतेक पार्ट स्वतःच्याच कारखान्यात बनवायची आणि तिने या दोन्ही ठिकाणी इंचाला २६ आटे ठेवले. व्यास जवळपास तोच, म्हणून पार्ट डोळ्याला सारखे दिसतात.

फरक आकड्यांत पाहू. २४ आट्यांच्या पार्टमध्ये एका आट्याचं अंतर साधारण १.०६ मिमी येतं आणि २६ आट्यांच्या पार्टमध्ये ०.९८ मिमी. एका फेऱ्याला फक्त ०.०८ मिमीचा फरक. पण सहा फेऱ्यांनंतर तो जवळपास अर्ध्या मिमीवर जातो, म्हणजे अर्धा आटा. म्हणूनच नट सुरुवातीला आरामात फिरतो आणि मग अडकतो. तिथे लांब पाना लावून जोर केला, तर नट बसतो खरा, पण फोर्कचे किंवा फ्रेमचे आटे कापूनच. नट थोड्या पैशांत पुन्हा मिळतो, फ्रेमचे आटे पुन्हा मिळत नाहीत. हेडसेटचे आटे गेले तर हँडल चालता चालता सैल होऊ शकतं.

शिवाय रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटची रुंदी ७१ किंवा ७६ मिमी असते, तर आजचं रूढ माप ६८ मिमी आहे. त्यामुळे तयार सीलबंद बॉटम ब्रॅकेट आणून बसवणं हा उपाय सरळ चालत नाही.

मग मार्ग काय? जुने कप, एक्सल आणि नट फेकू नका. केरोसिनमध्ये धुऊन पाहा. कपच्या आतल्या पृष्ठभागावर खड्डे नसतील तर ते आणखी कित्येक वर्षं चालतील. बदलायचे ते फक्त छर्रे. बॉटम ब्रॅकेटला पाव इंची छर्रे लागतात, दोन्ही बाजूंना ११-११. हे माप जगभर एकच आहे आणि छर्रे कुठेही मिळतात.

‘२६ इंची’ टायर चढत का नाही?

कारण ‘२६ इंची’ हे एका मापाचं नाव नाही. टायर रिमवर जिथे बसतो, तो व्यास मिलिमीटरमध्ये पाहिला की गोंधळ मिटतो.

- इंग्लिश थ्री-स्पीड, २६×१ ३/८ : ५९० मिमी
- माउंटन बाइक, २६×१.५ किंवा २६×२ : ५५९ मिमी
- काही जुन्या अमेरिकन सायकली, त्याही २६×१ ३/८ लिहिलेल्या : ५९७ मिमी
- रॉड ब्रेकची मोठी काळी सायकल, २८×१ १/२ : ६३५ मिमी
- आजच्या हायब्रिड सायकली, ७००सी, यांनाही कधी कधी ‘२८ इंची’ म्हणतात : ६२२ मिमी

५५९ चा टायर ५९० च्या रिमवर चढणारच नाही, त्यामुळे तिथे निदान चूक लगेच कळते. धोका आहे तो ७ मिमीच्या फरकात. ५९७ चा टायर ५९० च्या रिमवर सहज चढतो आणि हवा भरताना किंवा चालत्या सायकलवर निसटतो. दुकानात इंच सांगू नका. टायरच्या बाजूवर ३७-५९० असे आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा जुळला पाहिजे.

कॉटर पिन ठोकायची की नाही?

जुन्या सायकलींत पॅडलचा क्रँक एक्सलला तिरक्या कापाच्या पिनने बसवलेला असतो. तिला दुकानात कॉटर म्हणतात. ती काढताना थेट हातोडा मारला तर पिन वाकते आणि धक्का छर्ऱ्यांवर जाऊन कपात खड्डे पडतात. आधी तेल सोडून रात्रभर ठेवा. मग क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकणारा लोखंडी पाइप द्या किंवा व्हाइससारख्या दाबयंत्राने पिन ढकला.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या. रॅलेची पिन साधारण ९.५ मिमी जाडीची असते, इतर काही सायकलींची ९ मिमी. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पॅडल सरळ रेषेत येत नाहीत. पिन दाबूनच बसवायची. तिचा नट फक्त तिला जागेवर धरतो. नट पिळून पिन ओढायला गेलं की आटे जातात.

भारतात पार्ट मिळतात का?

काही बाबतीत भारत इंग्लंडपेक्षा सोयीचा आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगालमधल्या आसनसोल इथे सेन-रॅले कंपनीत सायकली बनू लागल्या. मद्रासजवळ टीआय सायकल्सने हर्क्युलिस आणि बीएसए ही नावं आणली. भारतातली रॉड ब्रेकची काळी सायकल त्याच इंग्लिश घडणीची. त्यामुळे २८×१ १/२ चे टायर, रॉड ब्रेकचे रबर, कॉटर पिना आणि १/८ इंच रुंदीची चेन आपल्या गल्लीतल्या दुकानातही मिळते. २६×१ ३/८ चे टायरही मिळतात. मात्र इथल्या बहुतेक सायकली बिनगिअरच्या होत्या, त्यामुळे हबचे आतले पार्ट इथे शोधणं कठीण.

त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, नवे पार्ट. मूळ कंपनी २००० मध्ये कोसळली आणि तैवानच्या सनरेसने ती विकत घेतली. स्टर्मी-आर्चर नावाने थ्री-स्पीड हब, खटके, केबल, साखळी आणि मागचे दातेरी स्प्रॉकेट आजही बनतात. साखळी मागवताना एक्सलची लांबी मोजून सांगा, कारण लांबीनुसार ती बदलते. आजच्या नव्या थ्री-स्पीड हबमध्ये ती धोकादायक ‘रिकामी’ जागाही काढून टाकलेली आहे.

दुसरी वाट म्हणजे त्याच मेकची भंगारातली सायकल. २६ आट्यांचे नट आणि कप मिळवायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. पुण्याचा जुना बाजार असो की तालुक्याच्या गावातलं भंगाराचं दुकान, सोबत जुना नट ठेवा आणि तिथेच लावून पाहा. भारतीय बनावटीच्या रॅलेचे आटे नॉटिंगहॅमसारखेच असतील, असं मोजल्याशिवाय धरून चालू नका. जुन्या सायकली जवळून पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे खासगी संग्रहालय आहे.

चालवायला हलकी कशी करायची?

या सायकली मूळच्या जड गिअरच्या. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील तर मधल्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला चाक २.६७ वेळा फिरतं, खालच्या गिअरमध्ये २ वेळा. चढावर दम निघतो. मागचं स्प्रॉकेट २२ दात्यांचं केलं की हेच आकडे २.१८ आणि १.६४ होतात. तीन खाचांचं स्प्रॉकेट असेल तर ते एका स्प्रिंग रिंगने धरलेलं असतं आणि घरी बदलता येतं. चेन मात्र थोडी लांब लागेल.

ब्रेककडे दुर्लक्ष करू नका. क्रोम केलेली स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक फार कमी लागतो. पावसाळ्यात रोज चालवायची असेल तर त्याच ५९० मापाची अॅल्युमिनियमची रिम घालता येते. पण आधी हबची भोकं मोजा. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, तर नव्या रिम बहुतेक ३६ भोकांच्या मिळतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

- हब खोलण्याआधी तेल आणि दोन दिवस द्या.
- टायर इंचात नाही, मिलिमीटरमध्ये मागा.
- नट हाताने पूर्ण फिरत नसेल तर पान्याने फिरवू नका.
- जुना पार्ट, कितीही गंजलेला असो, नवा बसेपर्यंत फेकू नका.
- मधल्या गिअरची केबल तपासल्याशिवाय चढावर उभं राहून पॅडल मारू नका.

नॉटिंगहॅमच्या कारखान्यात सायकली बनणं २००२ मध्ये थांबलं. २६ आट्यांचे जे मूळ पार्ट आज फ्रेमवर आहेत, त्यांची जागा घेणारे नवे तिथून येणार नाहीत. त्यामुळे आजोबांची सायकल दुकानात सोडून येण्याआधी मेकॅनिकला एवढंच सांगा, ‘काढलेला प्रत्येक पार्ट डब्यात ठेवा, फेकू नका.’