रानाची पारख कोणीं करावी?

यावल-रावेरकडील केळीच्या बागाइतदारास "तुमच्या विहिरीस पाणी येतें कोठून?" असें विचारिलें, तर कोणी पावसाचें नांव घेईल, कोणी तापीचें. दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशीं गोटे, रेती व गाळ यांचा जो जाड पट्टा पसरला आहे, त्यांत सुकी, मोर यांसारख्या नद्यांचें पाणी मुरतें व जमिनीखालून दक्षिणेस मैदानाकडे सरकतें. डोंगरावर झाडोरा असेल तर पाऊस सावकाश उतरून या पट्ट्यांत शिरतो. नसेल तर तोच पाऊस माती घेऊन एका रात्रींत तापीस जाऊन मिळतो. म्हणून डोंगरावरचें रान डोंगरावरच्यांचेंच, ही समजूत आम्हांस चुकीची वाटते. विहिरी आटून बोअर आले, बोअरही खोल खोल चालले, तरी ती अद्याप गेलेली नाहीं.

या डोंगराचा कांहीं भाग सन १९६९ पासून यावल अभयारण्य म्हणून राखलेला आहे. क्षेत्र सुमारें १७७ चौरस किलोमीटर. त्या काळीं अशी हद्द आंखतांना रयतेचें मत घेण्याची चाल नव्हती. नकाशा वर तयार होई व खालीं कळविला जाई. आज कायदा तसा राहिलेला नाहीं. सन २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवोगांव समिती नेमून तेथील वनस्पती, पशुपक्षी, पिकांचे वाण व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंदवही ठेवावयाची आहे. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस सामूहिक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था लावण्याचा हक्क दिला. हा हक्क केवळ कागदावरचा नव्हे, हें ओडिशांतील नियमगिरी डोंगरावर दिसून आलें. बॉक्साइटच्या खाणीमुळें तेथील लोकांच्या धार्मिक व इतर हक्कांस बाध येतो काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानें सन २०१३ मध्यें ग्रामसभांपुढें ठेविला. बाराही ग्रामसभांनीं खाणीस नकार दिला, आणि पुढील वर्षीं केंद्र सरकारनें परवानगी नाकारली.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्याच धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांत, बारीपाडा हें कोकणा लोकवस्तीचें लहानसें गांव आहे. सन १९९० च्या सुमारास तेथील डोंगर उघडे पडले होते व बायकांस पाण्यासाठीं वणवण करावी लागे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गांवानें सुमारें ४४५ हेक्टर रान राखण्याचें ठरविलें. नियम गांवानेंच केले: रानांत बैलगाडी न्यावयाची नाहीं, झाड तोडील त्यास दंड, तोडणाराची खबर देईल त्यास बक्षीस. कांहीं वर्षांत झरे जिवंत झाले, आणि ज्या गांवास पाणी नव्हतें तें शेजाऱ्यांस पाणी देऊं लागलें. सन २००३ मध्यें या कामाची आंतरराष्ट्रीय पारितोषिकानें दखल घेतली गेली, व सन २०२५ मध्यें पवार यांस पद्मश्री जाहीर झाली. परंतु आम्हांस पारितोषिकाहून तेथील रानभाज्यांच्या स्पर्धेचें अधिक कौतुक वाटतें. बायका रानांतून भाज्या खुडून आणतात, शिजवून मांडतात, आणि कोणती भाजी कोठें व कोणत्या पंधरवड्यांत मिळते हें त्यांस तोंडपाठ असतें. रानाची याहून चांगली पारख कोणता तज्ज्ञ करील?

पांझरेकांठच्या शेतकऱ्यास यांत नवल वाटूं नये. फडाच्या पद्धतींत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून, यंदां कोणत्या फडांत ऊंस व कोणत्यांत दुसरें पीक, हें भागीदार मिळून ठरवीत, आणि पाटकरी त्याप्रमाणें पाणी सोडी. एकट्याच्या मर्जीस तेथें वाव नव्हता.

आतां नोंदवहीविषयीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें या वह्या ३१ जानेवारी २०२० पर्यंत पुऱ्या करण्याची मुदत घातली, आणि जिकडे तिकडे एकच घाई उडाली. घाईंत केलेली वही कशी असते हें सांगावयास नको. निंब, बाभूळ, पळस यांचीं नांवें कोणत्याही गांवास लागू पडतील अशीं लिहावयाचीं, खालीं सही घ्यावयाची, व वही कपाटांत ठेवावयाची. त्या वहीचा प्रसंगीं कांहीं उपयोग होत नाहीं. आणि प्रसंग तर येतच आहेत. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, सूर्यशक्तीचे विद्युत्प्रकल्प आले. आम्ही त्यांचे विरोधी नाहीं. वीज शेतकऱ्यासही हवी. परंतु योजना करणाऱ्याच्या नकाशावर जी जमीन 'पडीत' असते, ती गांवाच्या लेखीं चराई असेल, नाल्याचा उगम असेल, तित्तिरांची जागा असेल. हें लिहून ठेविलेलें नसलें तर सभेंत उठून बोलणाऱ्याचें म्हणणें नुसती हरकत ठरतें. वहींत आधींच असलें तर तो पुरावा होतो.

कित्येकांस भय असें आहे कीं, एकदां लिहून दिलें कीं सरकार जागा बंद करील व चराई जाईल. हें भय निराधार म्हणतां येणार नाहीं, कारण अभयारण्यांत निर्बंध येतात. पण जैवविविधता वारसास्थळाची गोष्ट निराळी आहे. त्यासाठीं स्थानिक संस्थेशीं विचारविनिमय करावा लागतो, आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शनाप्रमाणें लोकांनीं स्वखुषीनें पत्करलेल्या निर्बंधांखेरीज त्यांच्या चालू वहिवाटीस बाध यावयाचा नाहीं. जळगांवची लांडोरखोरी असें वारसास्थळ झालेली आहे.

दुसरी अडचण आमचीच आहे, आणि ती लिहितांना लेखणी थोडी अडखळते. गायरानाचा कांठ नांगरून आपल्या बांधांत घेणारे परके नव्हेत. नाल्याची कड दरसाल हातभर कोरणारेही आपणच. प्रामाणिक वही झाली तर तींत हेंही येईल, म्हणून मोठे खातेदार या कामापासून दूर राहतात असें आम्हीं पाहिलें आहे. पण ज्यांनीं कांठ कोरला त्यांच्याच विहिरी नाल्याशेजारीं असतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

काम फार खर्चाचें नाहीं. पहिली फेरी वैशाखांत घालावी, म्हणजे कोणता डोह टिकला व कोणती विहीर आटली हें दिसतें. दुसरी श्रावणांत, रानभाज्या असतांना, आणि तींत बायका पुढें असाव्यात. बरोबर गुराखी व गांवांतला म्हातारा माणूस घ्यावा. झाडांचीं, नाल्यांचीं व टेकड्यांचीं नांवें अहिराणींत, पावरींत, जशीं बोलतात तशींच लिहावीं. शास्त्रीय नांव मागाहून कृषि महाविद्यालयांतील कोणी सांगेल. मैदानांतल्या गांवानें वरच्या पाड्याच्या फेरींत आपलीं चार माणसें पाठवावींत, व त्यांस आपल्या विहिरींची पातळी दाखवावी. पुरी झालेली वही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून ठराव करावा, आणि ठरावाची नक्कल तहसीलदार व वनक्षेत्रपाल यांजकडे देऊन पोंच घ्यावी.