अलार्म ‘ऑफ’ झाला, म्हणजे वाजला

‘द अलार्म वेन्ट ऑफ’ हे वाक्य ऐकलं की आपल्याला वाटतं, अलार्म बंद पडला. प्रत्यक्षात तो वाजलेला असतो. ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे मात्र दिवे गेले, आणि ‘द मिल्क वेन्ट ऑफ’ म्हणजे दूध नासलं. अशी क्रियापदं परक्यांना फार जड जातात, हे कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. पण म्हणून हा निव्वळ लहरी कारभार ठरत नाही. ‘ऑफ’ म्हणजे असलेल्या जागेवरून सुटणं. अलार्म, बॉम्ब, बंदूक या गोष्टी मुळात गप्प असतात. त्या सुटल्या की आवाज होतो. दिवा जळत असतो. तो सुटला की अंधार. फरक ‘ऑफ’मध्ये नाही, वस्तूच्या आधीच्या अवस्थेत आहे.

हे मागाहून जुळवलेलं तर्कट आहे, असं कुणी म्हणेल. मग आपलं ‘उडणं’ पाहा. बार उडाला म्हणजे धमाका झाला, रंग उडाला म्हणजे होता तो गेला, आणि एखाद्यावरून मन उडालं तर इंग्रज तिथेही ‘गो ऑफ’च वापरतो. आपल्याला यात विसंगती कधी टोचत नाही! अर्थात तर्क कळला म्हणून वापर नेमका साधेलच असं नाही. नासलेल्या दुधाला ‘वेन्ट ऑफ’ म्हणणं ही ब्रिटिश लकब. अमेरिकन माणूस बहुधा ‘वेन्ट बॅड’ म्हणेल. आणि दिवा आपण स्वतः घालवला, तर ‘गो’ चालत नाही, ‘टर्न’ लागतं.