भुसकटाला कागदाची गाठ

वारंगा फाट्यावर कुणाला ‘घर तापवायचंय’ असं सांगितलं, तर तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघेल. अकोल्याहून हिंगोली-कळमनुरीमार्गे नांदेडला जाणारा महामार्ग आणि नागपूर-यवतमाळहून तुळजापूरकडे निघालेला महामार्ग जिथे एकमेकांना भेटतात, तो हा फाटा. खिचडी खायला गाड्या थांबतात, ट्रकवाले चहा घेतात आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बसणं नको होतं. इथे ऊब लागते ती मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे, आणि तीसुद्धा घराला नव्हे, अंघोळीच्या पाण्याला. युरोप-अमेरिकेत रद्दी भिजवून, दाबून केलेले ठोकळे बैठकीच्या खोलीतल्या शेगडीत जातात. आपल्याकडे ते जातील हंड्याखाली किंवा बंबात. एवढ्याशा फरकाने सगळा हिशेब बदलतो, म्हणून आधी हिशेबच मांडू.

एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी. थंडीत ते वीस अंशांवर असतं आणि अंघोळीला पंचेचाळीस अंशांचं लागतं, असं धरलं तर पाण्यात ५०० किलोकॅलरी उष्णता जायला हवी. स्वयंपाकाचा गॅस किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी देतो. त्यातली साठ टक्के पातेल्यात पोचली, तर बादलीला ७५-८० ग्रॅम गॅस जळतो. आकडा किरकोळ वाटतो. पण घरात पाच माणसं असली की रोजचे चारशे ग्रॅम होतात आणि महिन्याला बारा किलो. सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे नुसत्या अंघोळीत सिलिंडर संपायला येतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, त्यानंतर गावोगावी गॅस पोचला, आणि तरी अंगणातली चूल विझली नाही. चहा-भाजी गॅसवर आणि पाणी चुलीवर, ही वाटणी घरातल्या बाईने केलेली आहे आणि ती बरोबर आहे.

आता त्या चुलीत कागद घालून बघू. वाळलेला कागद किलोला साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी देतो, म्हणजे वाळल्या लाकडाच्या जवळपास. शेणाच्या गोवरीपेक्षा तो बराच सरस. अडचण उष्णतेची नाही, वेगाची आहे. सुटा कागद भुर्रकन पेटतो आणि हंड्याला कळायच्या आत संपतो. उलट अख्खी वही चुलीत टाकली तर कडा काळ्या होतात आणि आतली पानं तशीच राहतात, कारण मिटलेल्या पानांत हवा शिरत नाही. म्हणून कागद भिजवून लगदा करायचा, दाबून ठोकळा करायचा आणि मधोमध भोक ठेवायचं. मग तो बाहेरून हळूहळू आणि भोकातून वर ओढ घेत जळतो.

भोकाची ही युक्ती आपल्याला नवी नाही. चाळीतल्या आणि वाड्यातल्या जुन्या माणसांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली अलगद ओढून काढायची आणि खालच्या तोंडातून पेटवायचं. तास-दोन तास सरळ जाळ मिळायचा. कागदाचा ठोकळा म्हणजे डबा काढून घेतलेली भुशाची शेगडी. डब्याचं काम इथे कागदाचे तंतू करतात.

ते कसं करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. कागद म्हणजे झाडाचे किंवा कापसाचे बारीक तंतू. पाण्यात भिजवून कुटले की ते सुटे होतात आणि एकमेकांत अडकतात. पाणी उडून जाताना शेजारशेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजनचे बंध तयार होतात. गोंद नको, खळ नको. कागद मुळात बनतो तो याच रीतीने, आणि मराठवाड्याला ही रीत जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांचा लगदा करून हातकागद बनत आला. तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासूनची ही कारागिरी, असं तिथे सांगतात. आपला ठोकळा म्हणजे त्याच लगद्याचा एक ओबडधोबड, जाडजूड कागद समजा.

बाहेर हा उद्योग बऱ्याच ठिकाणी झालाय. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रं भिजवून दाबायची दोन दांड्यांची लोखंडी पेटी विकत मिळते. तिथल्या दमट हवेत त्या कागदी विटा वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात, ही गोष्ट जाहिरातीत लहान अक्षरांत असते. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या लेगसी फाउंडेशनच्या रिचर्ड स्टॅन्ली यांनी लाकडी तरफेच्या साध्या दाबयंत्राचा सांगाडा आणि मधल्या भोकाचा ठोकळा आफ्रिकेतल्या गावांपर्यंत नेला. काठमांडूत सानू काजी श्रेष्ठ यांच्या संस्थेने कागद आणि काडीकचरा एकत्र करून असेच ठोकळे करायला लोकांना शिकवलं. सगळ्यात गमतीदार उदाहरण हंगेरीचं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने चलनातून बाद झालेल्या नोटांचा चुरा दाबून त्याचे ठोकळे केले आणि २०१२च्या कडाक्याच्या थंडीत ते धर्मादाय संस्थांना शेकोटीसाठी दिले. पैसा जाळून गरिबाला ऊब देणारी बँक जगात दुसरी दाखवा!

आपली रिझर्व्ह बँकही फाटक्या-मळक्या नोटांचा चुरा करून तो दाबते. वर्षाला सुमारे १५,००० टन. हे ठोकळे बहुतेक जाळले जात किंवा भरावात जात. २०२४-२५च्या वार्षिक अहवालात बँकेने सांगितलं आहे की आता त्यांचा वापर पार्टिकल बोर्डमध्ये व्हावा असा प्रयत्न आहे, कारण नोटेत सुरक्षा धागा, शाई आणि रसायनं असतात. हा मुद्दा चुलीपाशीही लक्षात ठेवावा लागेल. त्याकडे पुढे येतो.

आधी मूळ प्रश्न. फाट्यावरच्या एका घरात रद्दी येते किती? बारा पानांच्या वर्तमानपत्राचं वजन भरतं पन्नास ग्रॅमच्या आसपास. महिन्याला दीड किलो. आणि साध्या चुलीत उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग पाण्यात जातो, बाकीची भिंत आणि आभाळ तापवते. त्या हिशेबाने एका बादलीला किलोभर कागदी ठोकळा लागेल. म्हणजे महिन्याची रद्दी दीड बादलीत खलास. शिवाय कोरी, स्वच्छ रद्दी जाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तिला रद्दीवाला पैसे देतो, तिचा पुन्हा कागद होतो आणि कागद गिरण्यांना तो कमी पडतो म्हणून आपला देश परदेशातून रद्दी आणतो. पुठ्ठ्याचे खोकेही भंगारवाला सोडत नाही.

मग उरतो तो कागद, जो भंगारवाला घेत नाही. भज्या-वड्यांच्या तेलाने माखलेले तुकडे, भिजून फुगलेल्या वह्या, उंदराने कुरतडलेले गठ्ठे, अंड्यांचे फुटके ट्रे. तेलकट कागद गिरणीला चालत नाही, चुलीला मात्र आवडतो. पण हा कागद फार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कागदाकडे जळतण म्हणून बघूच नये. तो बांधणारा माल आहे. जळतण रानात पडलंय.

रानातलं सगळंच मात्र दाबायला घेऊ नये. कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीची तुऱ्हाटी चुलीत थेट जळते, तिचा लगदा करण्यात काय हशील? गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात उतरू नये म्हणून कृषी खातं पऱ्हाटी वेळेत उपटायला सांगतं, फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढची वेचणी, घेऊ नका म्हणतं. उपटलेली पऱ्हाटी अनेकदा बांधावरच पेटवली जाते. तिच्यासाठी वेगळी वाट आहे, ती म्हणजे कोरडं, प्रचंड दाबाचं यंत्र. त्यात दाबामुळे इतकी उष्णता निर्माण होते की लाकडातलं लिग्निन मऊ होऊन स्वतःच चिकटतं. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाणारा ‘पांढरा कोळसा’ तो हाच. नागपूरच्या दहनघाटांवर वापरलं जाणारं ‘मोक्षकाष्ठ’ही शेतातल्या कचऱ्यापासूनच बनतं. पण हे यंत्र एका घराचं काम नव्हे. उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, बसवली आणि तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्या धूर करत नाहीत, पण कोळसा करायला भट्टी लागते.

घरच्या ठोकळ्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे बारीक माल. सोयाबीनचं भुसकट, जनावरांनी उष्टावून टाकलेलं कुटार, आरागिरणीचा भुसा, हळद काढल्यावर वाळलेला पाला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोली जिल्हा हळदीने पिवळा झाला, पण पाला काही कुणी विकत घेत नाही. हा माल चुलीत टाकला तर एक तर जाळ गुदमरतो, नाहीतर फुफाटा उडतो. त्याला आकार नाही, म्हणून तो जळतणात मोडत नाही. चार भाग भुसकटाला एक भाग कागद मिळाला की त्याला आकार येतो. (हळद शिजवायच्या कुकरखाली हे ठोकळे चालतील का, असं कुणी विचारेल. पुरणारच नाहीत. तिथे लाकडाचे ओंडके लागतात.)

कृती अवघड नाही, चिकाटीची आहे. कागद हाताने फाडून टिपात भिजत घालायचा. कात्रीने कापला तर तंतू तुटतात, फाडला तर लांब राहतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत तो मऊ होतो, मग पायाने किंवा मुसळाने कुटायचा. पाला आणि भुसकटही ओलं करून थोडं कुजू द्यायचं, कडक काड्या ठोकळ्यात स्प्रिंगसारख्या उसळतात आणि तो फुटतो. दोन्ही कालवून मूठभर घ्यायचं आणि पिळायचं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर मिश्रण जमलं. बोटांतून लगदा सटकला तर भुसकट घाला, गोळा विस्कटला तर कागद.

साच्याला चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. त्याला सगळीकडे बारीक भोकं आणि मधे इंचभर जाडीचा दांडा. दाबायला लाकडी तरफ चालते, पण फाट्यावर त्याहून चांगली सोय आहे. ट्रकचा बाटली-जॅक. कुठलाही वेल्डिंगवाला त्याच्यासाठी अँगलची चौकट अर्ध्या दिवसात करून देईल. निथळून येणारं पाणी टाकायचं नाही, तेच पुढच्या घाण्याला वापरायचं, कारण इथली खरी मेख पाणी आहे. ऊन सगळ्यात कडक असतं एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकं तेव्हाच आड-बोअर आटलेले असतात. पिण्याच्या घागरीसाठी रांग लावणाऱ्या गावात कागद भिजवा म्हणून सांगणाऱ्याला लोक हाकलून देतील. म्हणून हा धंदा फेब्रुवारी-मार्चचा. तुरीचं कुटार आलेलं असतं, हळद निघालेली असते, इसापूर धरणाच्या कालव्याला पाण्याची पाळी असते आणि ऊन आठवड्याभरात ठोकळा खणखणीत वाळवतं. वाळवण्यात घाई केली तर तोटाच. ओल्या ठोकळ्यातलं किलोभर पाणी वाफ होऊन जाताना सहाशेच्या वर किलोकॅलरी घेऊन जातं, म्हणजे एका बादलीच्या अंघोळीहून जास्त. वर धूर होतो तो वेगळाच.

धुराचं म्हणाल तर ठोकळा वाळलेला असला तरी तो चुलीतच जळणार आहे, काही सूर्यचूल होत नाही त्याची. घरातल्या चुलींच्या धुराने जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अंगणात, उघड्यावर, बंबाला धुराडं असेल तर बंबात, इतकंच याचं स्थान. घरात शेगडीत घालून दार लावून शेकत बसणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण.

आणि कागद निवडून घ्या. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. एसटीचं यंत्रातून निघणारं तिकीट, टोलची पावती, दुकानातलं गुळगुळीत बिल यांवर रसायनाचा लेप असतो. चकचकीत मासिकं आणि लग्नपत्रिका यांच्यात चिकणमाती आणि चुना इतका असतो की निम्मा वेळ राखच उपसावी लागते. यातलं काही ठोकळ्यात नको.

आता मेहनतीचा आकडा. चार इंची, अडीच इंच जाडीचा ठोकळा वाळल्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. एका बादलीला सहा-सात. पाच जणांच्या घराला रोजचे तीसेक. रोज तीस ठोकळे दाबायचे असतील तर ते काम कुणाच्या गळ्यात पडेल, हे सांगायला नको, आणि तिच्याकडे आधीच पुरेशी कामं आहेत. त्यामुळे ‘गॅसला पर्याय’ वगैरे भाषा मला पटत नाही. हा ठोकळा शोभतो तो पावसाळ्यात. सरपण भिजलेलं, गोवऱ्या ओलसर, पऱ्हाटी संपलेली, आणि झडीत चूल पेटता पेटत नाही, तेव्हा दोन कोरडे ठोकळे खाली घातले की वरची ओली लाकडं धरतात. फेब्रुवारीत घरातल्या सगळ्यांनी मिळून शे-दोनशे करून ठेवले तर हंगाम निघतो. फक्त ते खताच्या रिकाम्या, आतून प्लास्टिक असलेल्या गोणीत तोंड बांधून माळ्यावर ठेवावेत. कागद हवेतली ओल पटकन ओढतो, आणि आषाढात मऊ पडलेला ठोकळा पुन्हा लगदाच होतो.