लढाई कादंबरीतली, पडद्यावरची

बखर : जुन्या मराठीतला इतिहासपर गद्यवृत्तान्त. पानिपताच्या लढाईसाठी 'भाऊसाहेबांची बखर' प्रसिद्ध.

ऐतिहासिक कादंबरी : घटना, तारखा, माणसे बहुतांशी खरी. संवाद आणि मनातले विचार मात्र लेखकाचे. पुरावा म्हणून ते वापरू नयेत.

'स्वामी' : रणजित देसाई, 1962. थोरल्या माधवराव पेशव्यांचे आयुष्य. 1964चा साहित्य अकादमी पुरस्कार. पुढे दूरदर्शनवर मालिका. माधवराव रवींद्र मंकणींनी साकारले.

'पानिपत' : विश्वास पाटील, 1988. विषय 14 जानेवारी 1761ची मराठे आणि अब्दाली यांच्यातली लढाई. फौजेची उपासमार, रसद आणि छावणी समजून घ्यायला आवर्जून वाचावी अशी.

'राऊ' : ना. सं. इनामदार. बाजीराव पेशवे आणि मस्तानीची कथा. याच कादंबरीवर 2015चा हिंदी चित्रपट 'बाजीराव मस्तानी'.

'छावा' : शिवाजी सावंत. संभाजी महाराजांवर. 2025 मध्ये त्यावर हिंदी चित्रपट.

जुन्नर परिसर : या इतिहासाशी आणि पडद्याशीही जोडलेला. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर, 19 फेब्रुवारी 1630. 'राजा शिवछत्रपती' मालिकेत शिवराय आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी'त (2017–2020) शंभूराजे साकारणारे डॉ. अमोल कोल्हे ओझरजवळच्या नारायणगावचे. ओझरच्या विघ्नेश्वर मंदिराचा सोनेरी कळस बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांवरच्या वसईविजयानंतर (1739) चढवला, असे सांगितले जाते.