रविवारचे बंद दुकान

गावातला एखादा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला, की घरात लोणच्याच्या बरण्या भरतात, गरम कपडे येतात, विमानतळावर पोचवायला गाडी ठरते. पण तिथे गेल्यावर दूध, मीठ, पीठ कुठून आणायचे आणि मुख्य म्हणजे केव्हा आणायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते.

२०१६ साली ऑक्टोबरात वर्षभराच्या अभ्यासासाठी मी ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी गेलो. पोचलो तो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी पिशवी घेऊन दुधाला बाहेर पडलो. एक दुकान बंद, दुसरे बंद, तिसरेही बंद. मला वाटले, गावात कोणी थोर माणूस वारला की काय! अखेर रेल्वे स्टेशनावर पाव मिळाला, तेव्हा कुठे पोटाची व्यवस्था झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पुढारलेला देश आणि रविवारी लिटरभर दूध मिळू नये? तर त्याचे कारण ऐका. रविवार हा कामातून विसाव्याचा दिवस म्हणून राखला जाईल, असे कलम १९१९ सालच्या जर्मन राज्यघटनेत होते. १९४९ च्या नव्या घटनेनेही ते तसेच ठेवले. १९५६ साली दुकानांच्या वेळेचा कायदा झाला आणि रोजची दुकाने संध्याकाळी साडेसहाला बंद होऊ लागली. १९९६ साली ही वेळ आठपर्यंत वाढली. २००६ पासून वेळ ठरवण्याचा अधिकार तिथल्या घटक राज्यांकडे गेला. बहुतेक ठिकाणी वेळ आणखी वाढली, पण रविवार काही सुटला नाही. वर्षातले मोजके रविवार सोडले, तर बाजार बंद. बर्लिन राज्याने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते; २००९ साली तिथल्या घटना न्यायालयाने ते अमान्य केले. स्टेशनावरची दुकाने, पेट्रोल पंप, पाळीचे औषधाचे दुकान आणि काही तास बेकरी, अशा मोजक्यांना सवलत.

मी त्या रात्री फोनवर आईजवळ ही तक्रार केली. ती म्हणाली, "अरे, आपल्याकडं मंगळवारचा बाजार चुकला तर काय करतोस? पुढच्या मंगळवारपर्यंत भागवतोसच ना?" मी निरुत्तर झालो. आठवड्याचा हिशेब करून एकाच दिवशी सामान भरण्याची विद्या माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. पुण्यात वीस वर्षे राहून, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी कोपऱ्यावर धावण्याची सवय लागली आणि मीच ती विसरलो होतो.

आता दुकानात शिरू. बाहेर चाकांच्या गाड्या साखळीने एकमेकींना जोडलेल्या असतात. खाचेत एक युरोचे नाणे घालावे, गाडी सुटते. परत आणून लावली की नाणे आपले आपल्याला. माल आपणच उचलायचा. फळीवरच्या चिठ्ठीवर पुड्याची किंमत असतेच, शिवाय बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भावही असतो. तो वाचावा, म्हणजे मोठा पुडा स्वस्त की छोटा, ते कळते. पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे दिसतील. ती किंमत नव्हे. शंभर ग्रॅम पीठ जाळले तर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, तो आकडा. कोंडा जास्त तितकी राख जास्त. म्हणजे ४०५ हा मैदा झाला; चपातीला १०५० घ्यावे. मसूर आणि छोले तुर्की दुकानात मिळतात. गल्ल्यावरची बाई बसूनच झपाझप हिशेब करते आणि पिशवी आपली आपणच भरायची. पिशवी घरून न्यावी, हे वेगळे सांगायला नको.

बाटल्यांचे प्रकरण निराळेच. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी येते आणि ती गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीची अनामत असे, तसेच हे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी पहिले काही दिवस बाटल्या विकत घेत राहिलो. त्या अज्ञानाचाच एकदा उपयोग झाला. महिनाअखेरीला माझे पैसे बँकेत अडकले. खिशात काही नाही. गावी असतो तर वाण्याने वहीत नाव मांडून पायलीभर ज्वारी घातली असती. इथे वही नाही आणि नाव विचारणारेही कोणी नाही. कोपऱ्यात आठ रिकाम्या बाटल्या होत्या. त्यांचे दोन युरो आले. त्यात पाव आणि मसूर घेतली. त्या संध्याकाळी वाण्याच्या त्या मळकट वहीची किंमत मला कळली. तिथल्या सोयीत ही एक उणीव आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

मात्र रविवारबद्दलचा माझा राग पुढे गेला. सोमवारी गल्ल्यावर बसणारी बाई मला एका रविवारी मुलाचा हात धरून बागेत दिसली. माझ्या दुधासाठी दुकान उघडे ठेवायचे, तर हिने तिथे नसावे, असाच त्याचा अर्थ. आणि ही गोष्ट आपल्याला परकी थोडीच आहे! मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० साली त्यांनी ती मिळवली. १९४८ च्या मुंबईच्या दुकान कायद्यातही दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे कलम होते. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान बाराही महिने उघडे ठेवता येते. नोकराची आठवड्याची सुट्टी मात्र कायम आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गातल्या मुलांना घरच्या आठवडाभराच्या सामानाची यादी करायला सांगा. पुड्यावरून किलोचा भाव काढायला लावा. उद्या यांतला कोणी परदेशी गेला, तर पहिल्या रविवारी उपाशी राहणार नाही. आणि इथेच राहिला, तरी दुकानात शिरताना गल्ल्यापलीकडच्या माणसाला सुट्टी केव्हा असते, एवढे तरी विचारील.