जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी हे वाचा!

टेबलाखाली एखादा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय ना? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला आणि असे कितीतरी चालू कॉम्प्युटर अडगळीत गेले. पण क्लासचे व्हिडिओ करायला ते अजूनही कामाचे आहेत.

माझी मावशी दहावीचं गणित शिकवते. तिच्या एका विद्यार्थिनीला कावीळ झाली, तीन आठवडे शाळा-क्लास बंद. आम्ही मोबाईलवर तास रेकॉर्ड करून पाठवला, तर अर्धी आकृती मावशीच्या पाठीमागे! मग ठरलं: एक कॅमेरा फळ्यावर आणि दुसरा वरून, थेट तिच्या वहीवर.

दोन्ही वेबकॅम एकाच जुन्या कॉम्प्युटरला जोडले, तर चित्र अडकायला लागलं. दोन व्हिडिओंचं काम एकदम करणं जुन्या प्रोसेसरला झेपत नाही, शिवाय एकाच यूएसबी हबवर दोन कॅमेऱ्यांची गर्दी होते. म्हणून एका कॅमेऱ्याला एक कॉम्प्युटर! दोन्हींवर लिनक्स मिंट आणि ओबीएस स्टुडिओ टाका, दोन्ही मोफत आहेत. 720p आणि 2500 बिटरेट ठेवलात तर तासाभराची फाइल साधारण 1.2 जीबीची होते.

दोन व्हिडिओ जुळवायचे कसे? सिनेमावाल्यांसारखे! तास सुरू होताना दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना त्या आवाजावर दोन्ही व्हिडिओ जुळवायचे. शेवटीही एक टाळी हवी, कारण दोन कॉम्प्युटरमध्ये तासाभरात थोडा फरक पडू शकतो. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्याआधी कॉलर माइकवर करा. चित्र थोडं धूसर चालतं, आवाज नाही.

आता आमची फजिती. पहिल्याच दिवशी तास संपत आला आणि वीज गेली. रेकॉर्डिंग एमपी4 मध्ये होतं, फाइल उघडेचना. मावशीने सगळा तास रिकाम्या खोलीत पुन्हा घेतला! तुम्ही ही चूक करू नका. सेटिंगमध्ये एमकेव्ही निवडा; वीज गेली तरी तोपर्यंतचा व्हिडिओ सहसा वाचतो. नंतर ओबीएसमधल्याच ‘रीमक्स’ने त्याची एमपी4 फाइल करता येते.

त्या मुलीला वहीचा व्हिडिओ मोठा आणि मावशी कोपऱ्यात छोटीशी, अशी मांडणी सगळ्यात आवडली. मावशीला मात्र ते अजून पटलेलं नाही!